टायर अचानक फुटत नाही

प्रश्न : आम्ही सिन्नरला राहतो. यंदा दिवाळीला माहेरी, नागपूरला, समृद्धी महामार्गाने जायचे ठरले आहे. गाडी मीच चालवते. ती २०१८ च्या दिवाळीत घेतलेली, पण जेमतेम ३४,००० किलोमीटर झाली आहे. टायर मूळचेच आहेत आणि त्यांच्या खाचा अजून चांगल्या खोल दिसतात. परवा हवा भरायला गेले तर टायरवाल्याने बाजूच्या बारीक चिरा दाखवल्या आणि म्हणाला, "ताई, हे चारही बदला, यांच्यावर समृद्धीवर जाऊ नका." सासरे म्हणतात, बदलायची काही गरज नाही, हवा तेवढी चार पॉइंट कमी ठेव, टायर तापले की ती आपोआप वाढते. मुलगा म्हणतो, नायट्रोजन भरून घे, मग टायर फुटायची भीतीच नाही. टायरवाल्याला चार टायर विकायचे आहेत हे तर उघडच आहे. मग ऐकायचे कोणाचे? आणि टायर चांगला आहे की नाही हे आपले आपल्याला घरच्या घरी ओळखता येते का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : ताई, टायरवाल्याचे ऐका. त्याला टायर विकायचे असतील, पण त्याने तुम्हाला दाखवलेल्या चिरा खऱ्या आहेत आणि त्यांचा अर्थही त्याने बरोबर सांगितला आहे. तुमच्या सासऱ्यांचा सल्ला प्रेमाचा असला तरी तो पाळलात तर धोका वाढेल. मुलाचा सल्ला निरुपद्रवी आहे, पण त्याने जुना टायर नवा होणार नाही. घरच्या घरी टायर तपासता येतो का, याचे उत्तर मात्र ठामपणे "हो" असे आहे. हे सगळे का, ते एकेक करून पाहू.

टायर फुटतो म्हणजे नेमके काय होते?

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन तो पूर्ण झाला. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेग ठेवता येतो. मध्यम आकाराच्या मोटारीचे चाक या वेगात सेकंदाला सुमारे १७ फेरे घेते, म्हणजे मिनिटाला हजारावर. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग प्रत्येक फेऱ्यात थोडा चेपतो आणि वर गेला की पुन्हा फुगतो. या चेपण्या-फुगण्यातून उष्णता तयार होते. टायरमध्ये हवा पुरेशी असेल तर चेपणे थोडेच होते, उष्णता बेताची राहते आणि वाऱ्याबरोबर निघून जाते. हवा कमी असेल तर टायरची बाजू खोलवर वाकते. मग उष्णता निघून जाण्यापेक्षा तयार जास्त होते आणि टायर आतून तापत राहतो.

टायर नुसत्या रबराचा नसतो. रबराच्या आत पॉलिस्टर किंवा नायलॉनच्या दोऱ्यांचे थर असतात आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. हे सगळे थर रबरानेच एकमेकांना घट्ट धरलेले असतात. टायर फार तापला की ही पकड सुटायला लागते, थर एकमेकांपासून वेगळे होतात आणि शेवटी एके ठिकाणी टायर फाटतो. चालकाला तो क्षण अचानक आल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात टायर फुटण्याची तयारी कित्येक किलोमीटर आधी, कधी कधी कित्येक महिने आधी सुरू झालेली असते. कमी हवा, जादा सामान, जुने रबर, खड्ड्यात बसलेला आणि नंतर विसरलेला दणका, ही सगळी त्याचीच कारणे.

समृद्धीवर टायर काँक्रीटमुळे फुटतात असे बरेच जण सांगतात. काँक्रीट खरखरीत असते आणि त्यावर टायरची झीज जास्त होऊ शकते, हे खरे. पण उन्हात काळे डांबर काँक्रीटपेक्षा जास्त तापते. समृद्धीवरचा खरा फरक वेगाचा आहे. गावातल्या रस्त्यावर पाच-दहा मिनिटांनी ब्रेक लागतो, चौक येतो, टायरला विसावा मिळतो. समृद्धीवर गाडी तासन्‌तास एकाच वेगाने धावते. गावात चाळीसच्या वेगाने वर्षभर निभावून नेलेला टायरमधला दोष तिथे तासाभरात उघडा पडतो.

मग हवा किती भरायची?

गाडी बनवणाऱ्या कंपनीने सांगितली असेल तेवढीच. चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडला की मधल्या खांबावर एक स्टिकर दिसतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. त्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे पीएसआयमध्ये दिलेले असतात. बहुतेक मोटारींत ते ३० ते ३६ च्या दरम्यान असतात. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा, थोडा जास्त आकडा दिलेला असेल, तर दिवाळीला पाच माणसे, बॅगा आणि फराळाचे डबे घेऊन निघताना तोच आकडा तुमचा. सरसकट "बत्तीस-बत्तीस मार" असे सांगू नका. स्टिकर वाचून आकडा सांगा.

टायरच्या बाजूवरही एक दाब कोरलेला असतो, उदाहरणार्थ ४४ किंवा ५१ पीएसआय. तो भरायचा आकडा नव्हे. तो टायर सहन करू शकेल असा कमाल दाब आहे. तेवढी हवा भरली तर टायर मधोमध फुगतो, रस्त्यावरची पकड कमी होते आणि खड्ड्याचा दणका थेट दोऱ्यांना बसतो.

आता सासऱ्यांच्या सल्ल्याकडे येऊ. टायर तापला की आतला दाब वाढतो, हे त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. तापमान सहा अंशांनी वाढले की दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. हमरस्त्यावर तासभर गाडी चालली की टायरमध्ये चार-पाच पीएसआयची भर पडते. पण कंपनीने दिलेला आकडा ही वाढ गृहीत धरूनच दिलेला असतो आणि तो थंड टायरसाठी असतो. निघताना हवा कमी ठेवली तर टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो. म्हणजे ज्या उष्णतेला घाबरून हवा कमी केली, तीच उष्णता आपण वाढवून ठेवतो. वाटेत एखाद्या पंपावर मोजले आणि ३३ ऐवजी ३७ दिसले, तरी हवा काढू नका. रात्री टायर निवला की आकडा पुन्हा ३३ वर येईल. गरम असताना हवा काढली असेल तर सकाळी तोच टायर २९ वर असेल.

म्हणून हवा सकाळी, गाडी काढण्याआधी किंवा घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या पंपावर मोजा. गाडी किमान तीन तास उभी असली पाहिजे. पेट्रोल पंपावर हवा विनामूल्य मिळते, ती सोय पुरेपूर वापरा. स्वतःचा साधा गेज गाडीत ठेवला तर त्याहून बरे, कारण पंपावरचा गेज दरवेळी अचूक असेलच असे नाही. आणखी एक गोष्ट नाशिक जिल्ह्यातल्यांनी विशेष लक्षात ठेवावी. मेच्या दुपारी ३५ अंशांत भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत आपोआप साडेतीन-चार पीएसआयने कमी दिसते. त्याखेरीज कोणत्याही टायरमधून महिन्याला थोडी हवा झिरपतेच. थंडी पडायला लागली की पुन्हा मोजा.

नायट्रोजन भरावा का?

आपल्या भोवतालच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. निव्वळ नायट्रोजन भरल्याचे दोन फायदे आहेत. तो कोरडा असतो, त्यामुळे आत ओलावा जात नाही, आणि रबरातून तो साध्या हवेपेक्षा थोडा सावकाश झिरपतो. पण तापल्यावर नायट्रोजनचा दाबही हवेइतकाच वाढतो. "नायट्रोजन गरम होत नाही" असे जे ऐकायला मिळते, त्यात तथ्य नाही. विमानांच्या चाकांत आणि शर्यतीच्या गाड्यांत नायट्रोजन वापरतात, त्याची कारणे वेगळी आहेत. विमानाच्या चाकात ब्रेकची प्रचंड उष्णता पोचते, तिथे आत ऑक्सिजन असणेच धोक्याचे असते.

मोटारीच्या बाबतीत सांगायचे तर तुमच्या मुलाला नायट्रोजन भरायचा असेल तर खुशाल भरू द्या, पण दर महिन्याला दाब मोजणे चुकवू नका. नायट्रोजन भरला म्हणून वर्षभर टायरकडे न पाहणारा माणूस साधी हवा भरून महिन्याला मोजणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात असतो. आणि नायट्रोजन भरलेला टायर वाटेत कमी दिसला तर बेलाशक साधी हवा भरा. दोन्ही मिसळल्याने काहीही बिघडत नाही.

खाचा खोल असताना टायर का बदलायचे?

टायर दोन प्रकारे म्हातारा होतो, एक चालून आणि दुसरा वयाने. तुमचा टायर चालून म्हातारा झालेला नाही, वयाने झाला आहे.

आधी चालण्याचे पाहू. खाचांचे काम पाणी बाहेर टाकण्याचे. चारचाकीचा प्रत्येक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. पावसात वेगाने जाताना या जागेखालचे पाणी खाचांतून बाजूला गेले नाही तर टायर पाण्यावर तरंगतो, आणि मग स्टिअरिंग फिरवले तरी गाडी वळत नाही, ब्रेक दाबला तरी थांबत नाही. नव्या टायरच्या खाचा सात-आठ मिलिमीटर खोल असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या ९४ व्या नियमानुसार मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर असलीच पाहिजे. त्याखाली गेलेला टायर कायद्याने रस्त्यावर आणता येत नाही. समृद्धी सुरू झाल्यानंतर घासून गोटा झालेल्या टायरच्या गाड्या प्रवेशावरूनच परत पाठवण्याची मोहीम परिवहन विभागाने राबवली, ती याच आधारावर. पण १.६ ही शेवटची हद्द आहे. कोकणात, घाटात, मुंबईच्या पावसात गाडी नेणाऱ्यांनी खाच ३ मिलिमीटरवर आली की टायर बदलायचे मनावर घ्यावे. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर त्याखाली झपाट्याने वाढते.

आता वयाचे. ऊन, उष्णता, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन यांनी रबर कडक होत जाते, गाडी नुसती उभी असली तरीही. किंबहुना कमी चालणारा टायर लवकर चिरतो, कारण रबरात घातलेली संरक्षक द्रव्ये टायर चालत राहिला तरच पृष्ठभागावर येत राहतात. सोसायटीच्या आवारात उन्हात महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाड्यांच्या टायरांना म्हणूनच चिरा पडतात.

टायरचे वय त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. बाजूवर रोमन अक्षरांत डीओटी असे कोरलेले असते आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ३८१८ असे असेल तर टायर २०१८ च्या ३८ व्या आठवड्यात, म्हणजे सप्टेंबरात तयार झाला. पुष्कळदा हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात. बाहेरून दिसले नाहीत तर टॉर्च घेऊन आतल्या बाजूला पाहा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा. अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनी बदला म्हणतात. दहा वर्षांनंतर तर खाचा नव्यासारख्या असल्या तरी टायर वापरू नये, असे टायर कंपन्याच सांगतात. तुमचे टायर सात वर्षांचे आहेत, त्यांना चिरा पडल्या आहेत आणि त्यांच्यावर तुम्हाला दिवसभर महामार्गाचा वेग ठेवायचा आहे. तुमच्या टायरवाल्याने हाच हिशेब केला.

घरच्या घरी टायर कसा तपासायचा?

रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, पंधरा मिनिटे काढा. लागेल काय, तर हवेचा गेज, टॉर्च, काडीपेटीतली एक काडी आणि मुलाची फूटपट्टी.

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या टायरची आतली कड समोर येईल. ही कड सहसा कोणी पाहत नाही आणि झीज बहुतेक वेळा तिथेच लपलेली असते. काडी खाचेत सरळ उभी धरा, टायरच्या पृष्ठभागाशी काडीवर नखाने खूण करा आणि फूटपट्टीवर मोजा. आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला, असे तीन ठिकाणी मोजा. काडी नकोशी वाटली तर टायरमध्येच सोय केलेली आहे. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. टायरच्या कडेवर टीडब्ल्यूआय अशी रोमन अक्षरे किंवा छोटा त्रिकोण दिसेल, त्याच्या सरळ रेषेत खाचेत पाहिले की उंचवटा सापडतो. टायरचा पृष्ठभाग घासत त्या उंचवट्याच्या पातळीला आला की टायरचे आयुष्य संपले.

तीन ठिकाणचे आकडे वेगवेगळे आले तर त्यातून गाडीचे दुखणे कळते. दोन्ही कडा जास्त घासल्या असतील तर हवा कमी राहत आली आहे. मधला भाग घासला असेल तर हवा जास्त भरली जाते. एकच कड घासली असेल तर व्हील अलाइनमेंट बिघडली आहे. ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर बॅलन्सिंग किंवा शॉकअब्सॉर्बर दाखवून घ्या. असा टायर नुसता बदलून भागत नाही, मूळ कारण तसेच राहिले तर नवा टायरही त्याच वाटेने जातो.

मग टायरच्या बाजूवरून तळहात सावकाश फिरवा. कुठे फुगवटा किंवा गाठ हाताला लागली तर तिथल्या आतल्या दोऱ्या तुटल्या आहेत. खड्ड्यात किंवा दुभाजकाच्या कडेवर चाक आदळले की असे होते. हा फुगवटा दुरुस्त होत नाही, कोणी "चालेल अजून" म्हटले तरी ऐकू नका. तो टायर त्याच दिवशी उतरवा. बोटाने टायरची बाजू किंचित ताणून चिरा पाहा. आतल्या दोऱ्या दिसत असतील तर प्रश्नच संपला. खाचांत अडकलेले खडे काढून टाका. खिळा किंवा स्क्रू दिसला तर स्वतः उपसू नका, तसाच पंक्चरवाल्याकडे न्या.

शेवटी व्हॉल्व्हचे टोपण काढून त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. बुडबुडा आला तर हवा तिथूनच जाते आहे. टोपण पुन्हा घट्ट लावा, व्हॉल्व्हमध्ये धूळ जाऊ न देणे हे त्याचे काम. टायर चकचकीत दिसावेत म्हणून काही जण रॉकेल किंवा डिझेल पुसतात, ते रबर खाते. साधे पाणी आणि थोडा साबण पुरे. चारही चाके झाली की डिकी उघडा आणि हेच सगळे स्टेपनीचे करा.

नवे टायर घेताना काय पाहायचे?

जुन्या टायरवरचा आकार आधी टिपून घ्या. समजा १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिले आहे. १८५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ हा डिस्कचा इंचातला व्यास. ८८ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी बनवलेला. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा भाराचा आकडा किंवा वेगाचे अक्षर खालचे असलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आयएसआय चिन्ह पाहा. चार आकड्यांची तारीख दुकानातच वाचा. नवा म्हणून दिलेला टायर गोदामात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला असू शकतो. ताज्या तारखेचा मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

तुमचे चारही बदलायचे आहेत, पण ज्यांना दोनच परवडतात त्यांनी नवी जोडी मागच्या चाकांना लावावी. बहुतेकांना हे उलटे वाटते, कारण स्टिअरिंग पुढे असते. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर चालकाला ते स्टिअरिंगमध्ये जाणवते आणि वेग कमी केला की गाडी सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि सरावलेल्या चालकालाही ती सावरत नाही.

जुन्या बाजारातले टायर टाळा. त्यांतल्या काहींच्या संपलेल्या खाचा पुन्हा कोरून खोल केलेल्या असतात. वरून ते नवे दिसतात, पण कोरताना पोलादी पट्ट्यांवरचे उरलेसुरले रबर निघून गेलेले असते. ट्रक-बसच्या टायरांवर शास्त्रशुद्ध पद्धतीने रबर चढवतात, तो वेगळा आणि मान्य व्यवसाय आहे. मोटारीच्या टायरच्या खाचा कोरणे ही मात्र निव्वळ फसवणूक आहे, आणि ती जिवावर बेतणारी आहे.

नवे टायर लावले की बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच वेळी करून घ्या. व्हॉल्व्हही नवे बसवायला सांगा. पुढे दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढची-मागची चाके अदलाबदल केली तर चारही सारखे झिजतात.

पंक्चर आणि स्टेपनीचे काय?

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रस्त्याला टेकणाऱ्या भागात घुसला असेल तर पंक्चर काढता येते. बाहेरून घातलेली पट्टी गावापुरती चालते. महामार्गावर जायचे असेल तर टायर डिस्कवरून उतरवून आतून पॅच लावून घ्या. उतरवल्यावर आतली बाजूही पाहायला मिळते. पंक्चर झालेला टायर हवा नसताना थोडा जरी चालवला असेल तर आत रबराचा काळा चुरा सापडतो. तसे असेल तर तो टायर आतून गेलेला आहे. बाजूच्या भागातले पंक्चर कधीही काढून घेऊ नका.

स्टेपनी गाडीइतकीच जुनी असते आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. तीही २०१८ चीच असेल तर तिची तारीख आणि हवा पाहा. काही गाड्यांत स्टेपनी बारीक, तात्पुरती असते. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते, ती पाळून जवळच्या दुकानापर्यंतच जायचे. २०२० च्या नियमबदलानंतर काही नव्या गाड्यांत स्टेपनी नसतेच, तिच्याऐवजी हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचा संच असतो. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर तो संच वापरायचा कसा, ते निघण्यापूर्वी एकदा घरी करून पाहा.

आणि तरीही वाटेत टायर फुटलाच तर?

स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवा. ब्रेकवर पाय मारू नका. अॅक्सिलरेटरवरून पाय हळूहळू उचला आणि गाडीचा वेग आपोआप उतरू द्या. वेग चांगला कमी झाल्यावरच हलका ब्रेक लावून डाव्या कडेच्या पट्टीवर या. धोक्याचे दिवे लावा, सगळ्यांना कठड्याच्या पलीकडे उभे करा आणि महामार्गाच्या मदत क्रमांकावर फोन करा. अशा वेळी चालकाचा वेग १२० च्या ऐवजी ९० असेल तर गाडी सावरायला त्याच्या हातात कितीतरी जास्त वेळ राहतो. सगळ्यांचे पट्टे बांधलेले असणे, मागच्या सीटवरच्यांचेही, हे तर हवेच.

देवाची करणी?

२०१० च्या ऑक्टोबरात पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर फुटला, गाडी खोल चरात कोसळली आणि तिच्यातल्या एका प्रवाशाचा मृत्यू झाला. कुटुंबाला भरपाई देण्याची वेळ आली तेव्हा विमा कंपनीने न्यायालयात सांगितले, की टायर फुटणे ही देवाची करणी आहे, त्याची जबाबदारी कोणावर टाकता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे म्हणणे फेटाळले. जादा वेग, कमी किंवा जास्त हवा, वापरलेले जुने टायर, तापमान ही टायर फुटण्याची कारणे आहेत, प्रवासाला निघण्यापूर्वी टायरची स्थिती तपासणे हे चालकाचे काम आहे आणि ते न करणे हा माणसाचा निष्काळजीपणा आहे, असे न्यायालयाने म्हटले.

मला हा निकाल प्रत्येक गाडीवाल्याने मनावर घ्यावासा वाटतो. अपघातानंतर "काय करणार, टायर फुटला" असे आपण सहज म्हणतो आणि विषय संपवतो. पण मापायची काठी, तारीख आणि खुणा टायरवरच दिलेल्या असताना आपण त्या पाहिल्या नाहीत, तर तो दोष नशिबाचा नाही. मागच्या सीटवर आपली मुले बसलेली असतात आणि त्यांनी आपला जीव आपल्या भरवशावर सोडलेला असतो.

तेव्हा ताई, निघण्याच्या आठवडाभर आधी चारही टायर बदला, स्टेपनी तपासा, अलाइनमेंट करून घ्या आणि नवे टायर पहिले काही दिवस गावातच, बेताच्या वेगाने चालवा. निघायच्या दिवशी सकाळी हवा स्टिकरवरच्या आकड्याइतकी भरा. सासऱ्यांना तो स्टिकर दाखवा, त्यांना पटेल. आणि दिवाळीत लांब जाणाऱ्या सगळ्याच वाचकांना माझे हात जोडून सांगणे आहे, की टायर तपासल्याशिवाय गाडी महामार्गावर घालू नका.